कातडे कमावताना कानांवरचे केस सुटू नयेत म्हणून

केसांसह कमावलेल्या कातड्याची पारख करावयाची असल्यास पाठीच्या लांब, मऊ पट्ट्यावरून हात फिरवून ती करू नये. कानाच्या कडेचे चारदोन केस चिमटीत धरून हलकेच ओढून पाहावे. पाठीचे कातडे सपाट व मोकळे असल्यामुळे साधारण काळजी घेणाऱ्या माणसाच्या हातूनही ते सहसा बिघडत नाही. पण पहिल्या काही तासांत जी हयगय झाली असेल, ती कानांवर उमटल्यावाचून राहत नाही. सर्व अंग तुकतुकीत, केस घट्ट, आणि कानांच्या कडा तेवढ्या उघड्या, पिवळट, चामड्याच्या नुसत्या पापुद्र्यासारख्या पडलेल्या, असे शेळीचे कातडे पाहिले की पुष्कळ नवशिके दोष तुरटीला किंवा मिठाच्या प्रमाणाला देतात. माझे मत याहून निराळे आहे. केस सुटलेले नजरेस येतात ते कमावणीच्या पिंपात, हे खरे. परंतु ते सुटण्याची क्रिया त्याच्या कितीतरी आधी, जनावर सोलल्याच्या दिवशीच, पुरी होऊन गेलेली असते, आणि एकदा मुळापासून ढिला झालेला केस पुन्हा घट्ट बसवील असे कोणतेही द्रव्य अस्तित्वात नाही. म्हणून या लेखातील सर्व सूचनांचा रोख एकाच गोष्टीवर आहे: कान हे कातड्याचे शेवटी हाती घ्यावयाचे टोक न समजता, सर्वांआधी हाती घ्यावयाचा स्वतंत्र जिन्नस समजावा.

येथे विचार केला आहे तो मुख्यतः शेळीमेंढीच्या कातड्याचा. आपल्याकडील उस्मानाबादी, संगमनेरी, बेरारी, कोकण कन्याळ या शेळ्या व दख्खनी मेंढी यांची कातडी आसन, अंथरूण किंवा भिंतीवरील शोभेची वस्तू म्हणून केसांसह कमावण्याजोगी असतात, आणि लोंबत्या, लांब कानांच्या जातींत तर कान हेच त्या कातड्याचे खरे सौंदर्य होय. वन्य प्राण्यांच्या कातड्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. हरिण, काळवीट, बिबट्या यांचे कातडे बाळगणे किंवा कमावणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये गुन्हा आहे, आणि जुन्या घरातील मृगाजिन 'दुरुस्त' करून देण्याची विनंती कोणी केली तरी ती नाकारावी.

आपल्या देशी कमावणीच्या परंपरेत या विषयाचे ज्ञान फारसे का साठले नाही, याचे कारण सरळ आहे. ढोर समाजातील कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या जी विद्या जतन केली ती मोट, पखाल आणि पायताण यांच्या चामड्याची. त्या कामात कातडे प्रथम चुन्याच्या पाण्यात घालून त्यावरील केस मुद्दाम सोडवावयाचे, मग ते पिशवीसारखे शिवून आत बाभळीच्या सालीचा काढा भरून टांगून ठेवावयाचे, असा शिरस्ता होता. त्यांच्या दृष्टीने केस सुटणे ही कामाची पहिली पायरी होती. फ्रान्सच्या दक्षिण भागात माझामे नावाचे गाव मेंढीच्या कातड्यावरील लोकर वेगळी करण्याच्या धंद्यासाठी प्रसिद्धीस आले. तेथे तर ओली कातडी बंद, दमट खोलीत काही दिवस टांगून ठेवीत, आणि लोकर मुळाशी आपोआप ढिली झाली म्हणजे ती खरवडून काढीत. त्या बंद खोलीत जे हेतुपूर्वक घडविले जात होते, नेमके तेच आपल्या कातड्याच्या न उलटलेल्या कानात आपल्या नकळत घडत असते. दमटपणा, ऊब आणि कोंडलेली जागा, या तिन्ही गोष्टी कानात आयत्याच हजर असतात.

केस त्वचेत उभा असतो तो एका सूक्ष्म कूपात, आणि त्या कूपाचे अस्तर हा त्वचेच्या सर्वांत वरच्या कोवळ्या थराचाच आत वळलेला भाग असतो. प्राण मावळताच जंतू आणि खुद्द पेशींतील पाचक रस हे दोन्ही मिळून प्रथम या कोवळ्या थरावर हल्ला चढवितात. खालचे तंतुमय चर्म त्या मानाने चिवट असल्यामुळे ते अद्याप शाबूत राहते. त्यामुळेच केस सुटलेले कातडे पुष्कळदा हाताला मजबूत लागते व फाटत नाही, आणि अननुभवी माणसास आपले काय चुकले याचा उलगडा होत नाही. आता हा विचार कानास लावून पाहावा. कान म्हणजे दोन त्वचांच्या मध्ये दाबून बसविलेला कूर्चेचा पत्रा. पाठीच्या कातड्याची आतली बाजू मिठासाठी पूर्णपणे उघडी असते, तर कानाच्या दोन्ही त्वचांची आतली बाजू कूर्चेने बंद केलेली असते. बाहेरून चोळलेले मीठ केसांवरच राहते, आत पोहोचत नाही. बुडाशी कान हलविणाऱ्या स्नायूंचे व चरबीचे जाड गाठोडे असते, तेही वेळेवर काढले नाही तर स्वतः नासून शेजारच्या त्वचेला नासविते.

या अडचणीत आणखी एकीची भर पडते, तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. आपल्याकडे बोकड कापल्यावर सोलण्यासाठी मागच्या पायांनी उलटा टांगतात. डोके खाली असल्यामुळे अंगातील उरलेसुरले रक्त मानेकडे व कानांकडे उतरून तेथील बारीक शिरांतून साचते, आणि रक्तासारखे जंतूंचे आवडते खाद्य दुसरे नाही. कान हाताला ऊबदार व किंचित जड लागले तर समजावे की त्यांत रक्त साचले आहे; बुडाशी कापताना ते थंड पाण्याने धुऊन व बोटांनी टोकाकडून बुडाकडे दाबत बाहेर काढावे.

ज्यांना कानांसह कातडे हवे असेल त्यांनी खाटकाशी आगाऊ बोलणे करून ठेवावे हे बरे. मटणाच्या दुकानी मुंडी निराळी विकण्याची वहिवाट आहे. ती वेगळी करून केस जाळून भाजली जाते, आणि कातडे मानेपाशीच कापले जाते. नेहमीच्या दुकानात जाऊन 'कानांसकट कातडे द्या' असे आयत्या वेळी सांगणे म्हणजे न मिळणाऱ्या वस्तूची मागणी करणे होय. मुंडीची किंमत वेगळी मोजून, कातडे डोक्यासह सोलून द्यावे व सोलताना कान धरून ओढू नयेत, अशी ताकीद आदल्या दिवशीच द्यावी. कान धरून डोके उचलले म्हणजे त्वचा कूर्चेवरून घसरते, आतील सूक्ष्म शिरा तुटून रक्त पसरते, व केसांच्या मुळांना झटका बसतो तो निराळाच.

जनावर जिवंत असतानाच कानांची तपासणी करणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. शेळ्यांच्या कानांच्या आतील घड्यांत गोचीड बसतात. त्यांच्या चाव्याच्या जागी सूज व पू झालेला असेल, किंवा खरजेने कानाची कड खपलीदार झालेली असेल, तर त्या जागचे केस कातड्यात मुळातच घट्ट नाहीत, व पुढे कितीही बंदोबस्त केला तरी ते सुटणारच, हे आधी ओळखून जनावर निवडावे. हल्ली अनेक जनावरांच्या कानात ओळखीचा पिवळा बिल्ला मारलेला असतो. त्याच्या छिद्राभोवती पुष्कळदा जुनी जखम असते, आणि बिल्ला तसाच ठेवून मीठ दिल्यास त्याच्या तबकडीखालील वर्तुळाकार जागेत मीठ शिरत नाही. सोलण्यापूर्वी बिल्ला कापून काढावा.

मेलेल्या जनावराविषयी एक गंभीर सूचना येथेच देतो. वर्ध्याजवळ नालवाडीच्या चर्मालयात गोपाळराव वाळुंजकरांनी मृत जनावरांची कातडी शास्त्रशुद्ध रीतीने कमावण्याचे जे कार्य केले, त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे, आणि आपोआप मेलेल्या जनावराचे कातडे वाया जाऊ नये हा विचार आजही मला पटतो. तथापि जे जनावर अचानक, काही तासांत मेले असेल आणि ज्याच्या नाकातोंडातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येत असेल, त्यास सुरी लावूच नये. ती फाशी रोगाची लक्षणे आहेत. हा रोग सोलणाऱ्याच्या हातावरील साध्या ओरखड्यातून माणसास होतो व त्याचे जंतू बीजरूपाने मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहतात. अशा वेळी पशुवैद्यकीय दवाखान्यास वर्दी द्यावी. इतर कारणाने मेलेल्या जनावराच्या बाबतीतही मृत्यूनंतर किती वेळ गेला याची खात्री नसल्यास कानांची आशा सोडून फक्त अंगाचे कातडे घेणे शहाणपणाचे.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. डोके सोलीत कानापर्यंत पोहोचल्यावर कान कवटीला अगदी लगटून कापावा, म्हणजे कूर्चेचे नळीसारखे बूड कातड्याबरोबर येते व केसांच्या बाजूस भोक पडत नाही. बुडाशी असलेले लाल मांस, चरबी आणि कानाखालील मऊ, फिकट रंगाची ग्रंथी ही सर्व धारदार रांपीने खरवडून काढावी. काम थांबवून विश्रांती घेण्याचा मोह येथेच होतो, कारण अंगावरचे मांस काढणे अजून बाकी असते व कान 'नंतर पाहू' असे वाटते. तो मोह टाळावा. उन्हाळ्यात दोन तासांच्या आत कान उलटून त्यांत मीठ पडले पाहिजे, अशी मुदत मनाशी निश्चित करून अंगाचे काम तेवढा वेळ ओल्या, थंड फडक्याखाली थांबवून ठेवावे.

कान उलटणे ही या सर्व विद्येतील नाजूक कृती आहे, आणि ती शब्दांत सांगणे कठीण असले तरी यथाशक्ति सांगतो. कानाची पाठीकडील, म्हणजे बाहेरून दिसणारी, फुगीर बाजूची त्वचा कूर्चेला सैलपणे चिकटलेली असते. आतील, पोकळ बाजूची त्वचा मात्र तिला घट्ट चिकटलेली असते. म्हणून सुरुवात नेहमी पाठीकडून करावी. बुडापाशी त्वचा व कूर्चा यांच्या मधली पांढरी, जाळीदार फट नजरेस पडली की तेथे सुरीचे बोथट टोक किंवा चमच्याचा घासून गुळगुळीत केलेला दांडा आत सारावा व धार न लावता, नुसत्या दाबाने, डावीउजवीकडे हलवीत पुढे सरकावे. दाबल्यावर मिटण्याऐवजी उघडणारी पक्कड यंत्रांच्या दुकानात मिळते. तिची टोके घासून गोल केल्यास ती या कामासाठी उत्तम. मिटलेली टोके फटीत घालून मूठ दाबली की फट रुंदावत जाते. एक हात सतत बाहेरून, केसांच्या बाजूने, कानावर ठेवावा. आतील हत्यार कोठे पोहोचले हे बोटांना कळत राहते व त्वचा भोसकली जात नाही. निम्मा कान मोकळा झाला की तो पिशवीसारखा आतून बाहेर उलटा होऊ लागतो, आणि मग काम जलद वाटू लागते.

येथेच बहुतेकांची फसगत होते. कान 'जवळजवळ' उलटला, टोकाशी व कडांशी बोटाच्या पेराएवढी पट्टी तेवढी राहिली, एवढ्याने काय बिघडणार, असे वाटून हात थांबतात. बिघडते ते नेमके त्याच पट्टीत. कडेपाशी दोन्ही त्वचा एकमेकींना मिळतात, कूर्चा पातळ होत जाते व तिन्ही थर जवळजवळ एकजीव झालेले असतात; न उलटलेल्या त्या पट्टीत मीठ कधीही शिरत नाही, आणि केस सुटलेल्या कानांत उघडी पडलेली पट्टी कडेच्या कडेनेच पसरलेली दिसते, ती यामुळेच. टोकाशी हत्यार न वापरता अंगठ्याच्या नखाने, कान ओला ठेवून, कूर्चेची कड स्पर्शाने शोधीत तिच्यावरून त्वचा मागे ढकलावी. कूर्चेची कड संपूर्ण, सलग, पांढऱ्या रेषेसारखी उघडी दिसली म्हणजे कान खरोखर उलटला. घाईत कडेला लहानसे भोक पडलेच तर त्यामुळे निराश होऊ नये. एक भोक सुईदोऱ्याने बुजविता येते, उघडी पडलेली कड कशानेच बुजविता येत नाही.

आतील बाजूच्या त्वचेपासून कूर्चा वेगळी करण्याचा खटाटोप पहिल्या दिवशी करू नये. ओल्या अवस्थेत ती फार घट्ट असते, आणि कानाच्या आत केस विरळ असल्यामुळे तेथील धोका तुलनेने कमी. कूर्चेवर धारदार पात्याने हलके, अर्धवट खोल, उभेआडवे चरे मात्र पाडावेत, म्हणजे त्या चऱ्यांतून मीठ पलीकडच्या त्वचेपर्यंत झिरपते.

मीठ बारीक व कोरडे असावे. खडे मीठ स्वस्त असले तरी त्याचे मोठे खडे कानाच्या आत सर्वत्र टेकत नाहीत, म्हणून ते कुटून चाळून घ्यावे. संपूर्ण कातड्यासाठी मिठाचे वजन ओल्या कातड्याच्या वजनाच्या निम्म्याहून कमी असू नये. बरोबरीने असल्यास उत्तम. कानांसाठी मीठ आधीच वेगळे काढून ठेवावे, आणि ते कधीही एकदा वापरलेले नसावे. वापरलेल्या मिठात रक्त, पाणी व जंतू तिन्ही आलेले असतात. आपल्या मिठागरांतील मिठात खारटपणातच वाढणारे जंतूही असतात, व दमट हवेत रेंगाळलेल्या कातड्यावर पुढे गुलाबी-तांबडे डाग पडतात ते त्यांचेच होत. असे डाग दिसताच ते कातडे इतरांपासून दूर करावे. मिठात थोडी बोरिक पावडर मिसळल्यास जंतूंची वाढ आणखी मंदावते.

उलटलेल्या कानाच्या प्रत्येक घडीत, टोकापर्यंत, बोटाने मीठ चोळून दाबावे; नुसते भुरभुरून भागत नाही. मग कातडे मांसाची बाजू वर करून किंचित उतरत्या फळीवर पसरावे, व डोके उताराच्या वरच्या बाजूस ठेवावे. यात हेतू असा की अंगातून सुटणारे तांबूस, खारट पाणी खाली वाहून जावे; डोके खालच्या बाजूस असेल तर सर्व अंगाचे घाण पाणी कानांत येऊन साचते. एक दिवसानंतर ओले झालेले मीठ झटकून टाकावे, कान पुन्हा उघडून पाहावेत, आणि ताजे मीठ दुसऱ्यांदा द्यावे. दुसऱ्या दिवशीही कानातून पाणी सुटत असेल तर तिसऱ्यांदा द्यावे. मिठाची काटकसर येथे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

ऊन हा या कामातील मोठा फसवा मित्र आहे. न मिठवलेले कान उन्हात टाकले की बाहेरून लगेच कडकडीत होतात आणि 'वाळले' असे वाटते, परंतु त्या कडक कवचाच्या आत ओलावा कोंडला जाऊन कुजणे अधिकच जोराने चालू राहते. वाळविणे नेहमी सावलीत, वाऱ्यावर आणि मीठ पूर्ण शिरल्यानंतरच करावे. पावसाळ्यात हे काम शक्यतो टाळलेलेच बरे. हवेतील सापेक्ष आर्द्रता शेकडा ७५ च्या वर गेली की मीठ स्वतःच हवेतून पाणी ओढून सादळते, आणि कोकणात आषाढ-श्रावणात ती याहून खाली फार क्वचित उतरते. पावसाळ्यातच कातडे हाती आले, तर ते मिठावर ठेवून वाळण्याची वाट न पाहता लगोलग आम्ल-मिठाच्या पाण्यात दाखल करावे. शीतपेटीत गोठवून ठेवावयाचे असेल, तर कान आत दुमडून, सर्व बाजूंनी प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळावेत. उघडे राहिलेले कान गोठलेल्या हवेत सुकून कडक होतात व नंतर मऊ होता होत नाहीत.

वाळलेल्या कातड्यास पुन्हा ओले करताना दुसरा मोठा धोका संभवतो. अंगाचे कातडे दोनचार तासांत लवचीक होते, कान मात्र कूर्चेमुळे कडकच राहतात. मग ते मऊ होईपर्यंत सगळे कातडे रात्रभर साध्या पाण्यात पडू दिले जाते, आणि इतक्या जतनाने राखलेले केस त्या एका रात्रीत सुटतात. यावर उपाय असा: पाण्यात शेकडा ५ मीठ घालून ते थंड ठेवावे, आणि संपूर्ण कातडे बुडविण्यापूर्वी फक्त कानांना त्याच पाण्यात भिजविलेल्या जाड फडक्याने तासभर गुंडाळून ठेवावे. कानांना याप्रमाणे आघाडी मिळाल्यावर अंग व कान बरोबरच मऊ होतात. कोमट पाणी कदापि वापरू नये. मऊ होताच, मग थोडासा कडकपणा राहिला असला तरी, कातडे पुढच्या पाण्यात न्यावे. उरलेला ताठपणा तेथे जातो.

हे पुढचे पाणी म्हणजे आम्ल व मीठ यांचे मिश्रण, आणि कानांच्या दृष्टीने हाच खरा सुरक्षित किल्ला. घरगुती प्रमाण असे: निम्मे पाणी व निम्मा पांढरा शिरका घेऊन दर लिटरला सुमारे १२० ग्रॅम मीठ विरघळवावे. मीठ आधी, आम्ल नंतर, हा क्रम मोडू नये. मिठावाचून आम्लात पडलेले कातडे फुगते व त्याचे तंतू दुबळे होतात. आम्लता मोजण्याचे कागद औषधांच्या व रसायनांच्या दुकानांत मिळतात. त्यांवरील आकडा ३ च्या खाली राहिला पाहिजे, कारण त्या आम्लतेत कातडे नासविणाऱ्या जंतूंची वाढ थांबते. काही काळाने आकडा वर सरकतो, तेव्हा रोज पाहून शिरका वाढवावा. भांडे प्लास्टिकचे किंवा काचेचे असावे, धातूचे नसावे. कातडे किमान तीन दिवस त्यात ठेवून रोज ढवळावे, आणि ढवळताना कान हाताने उघडून आत कोंडलेली हवा बाहेर काढावी. हवेचा बुडबुडा जेथे अडकतो तेथे पाणी पोहोचत नाही.

तीन दिवसांनी कान पांढरेफट, फुगीर व किंचित रबरासारखे झालेले आढळतात. कूर्चा काढण्याची योग्य वेळ ती हीच. पहिल्या दिवशी जी हटून बसली होती, ती आता नखाने कड उचलताच पुष्कळ ठिकाणी सोलून येते. ती काढून, बुडाशी जाड राहिलेली त्वचा रांपीने तासून पातळ करावी आणि कातडे आणखी एकदोन दिवस त्याच पाण्यात परत ठेवावे. नव्याने उघडी झालेली बाजू आम्लाने भिजलेली नसते, म्हणून ही शेवटची फेरी टाळू नये. बूड जाड राहिल्यास कमावणीचे द्रव्य मध्यापर्यंत जात नाही, व वर्ष-सहा महिन्यांनी तेथून तडे जाऊ लागतात.

कमावणीपूर्वी आम्ल काढून टाकण्यासाठी दर लिटरला सुमारे ७ ग्रॅम खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात कातडे पंधरावीस मिनिटे हलवावे. कानांच्या घड्यांतही हे पाणी फिरवावे. तेथे राहिलेले आम्ल पुढे चामडे आतून खाते. मग तुरटीची जुनी, भरवशाची कृती: चार लिटर पाण्यात ४५० ग्रॅम तुरटी विरघळवावी, दुसऱ्या भांड्यात दोन लिटर पाण्यात ११५ ग्रॅम खड्यांच्या स्वरूपातील धुण्याचा सोडा व २२५ ग्रॅम मीठ विरघळवून ते पहिल्यात अगदी बारीक धारेने, सतत ढवळीत ओतावे. धार मोठी झाली तर पांढरा साका धरतो व तुरटीचा गुण वाया जातो. सोडा कोरड्या भुकटीच्या रूपात असेल तर त्यात पाण्याचा अंश कमी असल्यामुळे तो निम्म्याहूनही कमी घ्यावा. दोन ते पाच दिवस कातडे यात ठेवून, कानाच्या बुडाची कड किंचित कापून पाहावी. छेद आरपार सारखा पांढरा व अपारदर्शक दिसला तर काम झाले. मध्ये निळसर, काचेसारखी रेषा दिसली तर तेथे कातडे अजून कच्चे आहे.

बाभळीची साल किंवा हिरडा वापरून केसांसह कातडे कमावता येते व ते तुरटीच्या चामड्याहून पाण्याला अधिक टिकते. तुरटीचे चामडे पुन्हा भिजले की तुरटी धुऊन जाते व कातडे कच्च्यासारखे होते. परंतु सालीचा काढा आत मुरण्यास आठवडे लागतात, आणि फिकट केसांवर तांबूस छटा चढते. काळ्या उस्मानाबादी कातड्यास त्याची अडचण नाही. मात्र आम्ल-मिठाच्या पाण्यातून न काढता सरळ सौम्य काढ्यात टाकलेले कातडे कानांपाशी बिघडण्याचा संभव मोठा, म्हणून तो मार्ग घेणाऱ्यांनीही आम्लाची पायरी वगळू नये.

वाळविताना कान अंगाच्या कितीतरी आधी सुकतात व गुंडाळले जातात. कूर्चेच्या जागी जाड पुठ्ठ्याचा, कानाच्याच आकाराचा, मेण लावलेला तुकडा घालून कान त्याच्या मूळ वळणात बसवावा, व वरून दमट फडके ठेवून त्याचे सुकणे अंगाच्या बरोबरीस आणावे. अंग अर्धवट ओले असताना मांसाच्या बाजूस अंड्याचा पिवळा बलक व थोडे तेल यांचे मिश्रण चोळावे. कानांच्या आत ते बोटाने, अगदी थोडे, पण कडेपर्यंत लावावे.

आणि एवढे करूनही मिठाच्या किंवा आम्लाच्या पायरीवर कानाच्या कडेचे केस चिमटीत येऊ लागले तर? प्रथम वास घ्यावा. अमोनियासारखा उग्र दर्प येत असेल तर नासण्याची क्रिया चालू आहे, आणि ती त्या क्षणी थांबविणे एवढेच आपल्या हाती आहे. कान पुरता उलटून त्या जागी तुरटीची बारीक पूड मिठात कालवून जाड थर द्यावा. हातमोजे घालून व उघड्या हवेत, पातळ केलेले फॉर्मॅलिन कापसाच्या बोळ्याने फक्त त्या डागावर लावल्यास तेथील त्वचा घट्ट होते व पसरणे थांबते, मात्र ती पुढे कडक राहील हे गृहीत धरावे. त्यानंतर ते केस ओढून पाहण्याचा मोह आवरावा. पिंपात ढवळताना त्या कानास चोळू नये, पिळू नये, आणि वाळल्यावर ब्रश फिरविताना त्यास वगळावे, म्हणजे अर्धवट ढिले केसही बव्हंशी जागीच राहतात. कड बोटाच्या रुंदीएवढी उघडी पडली असेल तर तेवढी पट्टी मूळ वळण राखून कात्रीने कापावी व दुसऱ्या कानाची कड त्याच मापाने कापून घ्यावी. अर्ध्याहून अधिक कान उघडा झाला असल्यास तो ठेवण्याचा आग्रह धरू नये. दोन्ही कान बुडाशी कापून, मांसाच्या बाजूने बारीक टाक्यांनी ती जागा शिवून टाकावी व उरलेले कातडे आसनाच्या उपयोगी आणावे.